एका शेअरचा सौदा आणि देशाचा करहक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



११ फेब्रुवारी २००७ रोजी एका कंपनीचा एक शेअर विकण्याचा करार झाला. एक म्हणजे अक्षरशः एकच. कारण त्या कंपनीचे सारे भागभांडवल त्या एका शेअरात सामावलेले होते. कंपनीचे नाव सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स, आणि तिची नोंदणी कॅरिबियन समुद्रातील केमन बेटांवर. विकणारी कंपनी हचिसन टेलिकम्युनिकेशन्स इंटरनॅशनल. नोंदणी तिचीही केमनचीच, सूत्रे मात्र हाँगकाँगच्या हाती. घेणारी व्होडाफोन इंटरनॅशनल होल्डिंग्ज ही नेदरलँड्समध्ये नोंदलेली आणि ब्रिटिश मालकीची. त्या एका शेअरची किंमत ठरली सुमारे अकरा अब्ज डॉलर.

दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगण्यापलीकडे सीजीपीला व्यवसाय नव्हता. मग हे अकरा अब्ज डॉलर कशाचे? सीजीपीच्या पोटात मॉरिशसमधील कंपन्यांची एक माळ होती, आणि त्या माळेच्या शेवटच्या टोकाला मुंबईची हचिसन एस्सार ही दूरध्वनी कंपनी होती. तिच्यातील सुमारे ५२ टक्के मालकी, आणि भारतीय भागीदारांच्या नावे असलेल्या आणखी १५ टक्क्यांवरचे हक्क, असा ६७ टक्क्यांचा ऐवज त्या शेअराबरोबर हस्तांतरित झाला. व्यवहार झाला तो केमन, हाँगकाँग आणि ॲम्स्टरडॅम यांच्या दरम्यान. बदलला मात्र मुंबईतील कंपनीचा धनी.

खेड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायचे तर असे सांगता येईल. एखाद्याला आपले शेत विकायचे आहे. शेत विकले की खरेदीखत आले, मुद्रांक शुल्क आले, तलाठ्याकडची नोंद आली. त्याऐवजी त्याने सातबाऱ्याचा उतारा एका ट्रंकेत ठेवला, ती ट्रंक परमुलुखातल्या एका घरात नेऊन ठेवली आणि शेत न विकता ती ट्रंक विकली. तलाठ्याने विचारले तर तो म्हणणार, शेत जागच्या जागी आहे, सातबारा त्याच नावावर आहे, मी तर फक्त पत्र्याची पेटी विकली आणि तीही तुमच्या हद्दीबाहेर. गरीब शेतकऱ्याला ही युक्ती कोणतेही तहसील कार्यालय करू देणार नाही. परंतु कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते, आणि त्यामुळे ती एकाच वेळी पेटीही असू शकते आणि पेटीची मालकीणही. सारा वाद ह्या एका गोष्टीतून उभा राहिला.

आता मुंबईतल्या त्या कंपनीची किंमत कशामुळे वाढली होती, हेही पाहिले पाहिजे. १९९२ साली ती हचिसन मॅक्स टेलिकॉम ह्या नावाने स्थापन झाली आणि १९९४ च्या नोव्हेंबरात तिला मुंबई परिमंडळाचा सेल्युलर परवाना मिळाला. मॅक्स टच, मग ऑरेंज, मग हच अशी तिची नावे मुंबईकरांनी पाहिली. हचच्या जाहिरातीतला तो चपट्या नाकाचा कुत्रा तर अनेकांना कंपनीपेक्षा अधिक परिचित होता. भांडवल परदेशातून आले हे खरे, आणि ज्यांनी यंत्रणा उभारली त्यांचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. पण परवाना दिला तो भारत सरकारने, आणि ज्या लहरींवरून संभाषण होते त्या कुणाच्या? १९९५ साली क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले होते की हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या सार्वजनिक मालमत्तेवर आणि कोट्यवधी ग्राहकांच्या बिलांवर कंपनीची किंमत चढत गेली. २००७ साली दहा-वीस रुपयांचे रिचार्ज करणारा हमाल त्या रकमेत १२ टक्के सेवाकर आणि वर उपकर भरीत होता. त्याला आपले रिचार्ज केमनमार्गे करण्याची सोय नव्हती.

प्राप्तिकर खात्याने सप्टेंबर २००७ मध्ये नोटीस काढली. ती गेली व्होडाफोनकडे. येथे अनेकांचा घोटाळा होतो. नफा झाला हचिसनला, मग नोटीस खरेदीदाराला का? याचे कारण कायद्यातच आहे. परदेशस्थाला करपात्र रक्कम देणाऱ्याने कर आधी कापून सरकारजमा करावा, न कापल्यास तोच कसूरदार ठरतो, असा नियम आहे. पगारदाराच्या पगारातून मालक कर कापतो, तसेच हे. हचिसन पैसे घेऊन मोकळी झाली होती. खात्याच्या हाताशी होती ती भारतात धंदा करू पाहणारी व्होडाफोन. म्हणून खात्याने तिला धरले. व्होडाफोनचे म्हणणे असे की मुळात कर लागतच नाही, तर कापायचा काय?

मुंबई उच्च न्यायालयात हा वाद दोनदा गाजला. पहिल्या फेरीत २००८ च्या डिसेंबरात कंपनीची याचिका फेटाळली गेली. दुसऱ्या फेरीत ८ सप्टेंबर २०१० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. पी. देवधर यांनी निकाल दिला. त्यांनी म्हटले की हा केवळ केमनमधील एका शेअरचा सौदा नव्हे. त्याबरोबर व्यवस्थापनाचे नियंत्रण, भारतीय भागीदारांशी झालेल्या करारांतील हक्क, व्यापारनाम वापरण्याची मुभा, असे कितीतरी हक्क हस्तांतरित झाले आहेत आणि त्यांतील काहींचा भारताशी सरळ संबंध आहे. तेव्हा किमतीचा तेवढा हिस्सा वेगळा काढून त्यावर कर आकारता येईल. निकाल मोजका होता. त्याने ट्रंक फोडली नाही. ट्रंकेत काय काय आहे ते मोजून पाहण्यास सांगितले. त्यानंतरच्या महिन्यात खात्याने सुमारे ११,२०० कोटी रुपयांची मागणी पाठवली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे तिला २,५०० कोटी रुपये भरावे लागले आणि ८,५०० कोटींची बँकहमी द्यावी लागली.

२० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सारे उलटवले. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया, न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार यांचा हा निर्णय पुरोगामी वर्तुळांत भांडवलदारांची तळी उचलणारा म्हणून हिणवला गेला. तो नीट वाचल्यावर इतके सोपे वाटत नाही. न्यायालयाचा प्रश्न साधा होता. प्राप्तिकर कायद्याच्या नवव्या कलमात भारतात असलेल्या भांडवली मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणारे उत्पन्न करपात्र धरले आहे. केमन कंपनीचा शेअर भारतात आहे काय? नाही. ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ हे शब्द कलमात आहेत, पण ते उत्पन्नाला लागतात, हस्तांतरणाला नव्हे. मग कायद्यात नसलेला कर न्यायालयाने अर्थ ताणून लादायचा काय? न्यायालयाने असेही पाहिले की ही कंपन्यांची माळ सौद्याच्या आदल्या रात्री ओवलेली नव्हती. सीजीपी १९९८ पासून अस्तित्वात होती, आणि मुंबईची कंपनी वर्षानुवर्षे धंदा करीत होती व कर भरीत होती. आणखी एक गोष्ट खात्याला अडचणीची ठरली. अशा अप्रत्यक्ष हस्तांतरणावर कर आकारण्याची तरतूद २०१० च्या प्रत्यक्ष कर संहितेच्या मसुद्यात सरकारनेच सुचविली होती. जी तरतूद नव्याने आणावी लागते ती जुन्या कायद्यात नव्हती, असा अर्थ कोणी काढला तर त्यात त्याचे काय चुकले? व्होडाफोनचे २,५०० कोटी चार टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश झाला.

न्यायालयाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु हा कर केमनमध्ये बुडाला नाही. तो त्याच्या कितीतरी आधी दिल्लीत सोडून दिला गेला होता, आणि तोही लोकसभेत एकही हात वर न होता. ह्या प्रकरणाचे मर्म येथे आहे, आणि ते पाहण्यासाठी मॉरिशसकडे वळावे लागेल.

१९८२ साली भारताने मॉरिशसशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार केला. नाव निरागस आहे. एकाच उत्पन्नावर दोन देशांत दोनदा कर भरावा लागू नये, हे कुणालाही पटेल. पण करारातील तेराव्या कलमानुसार मॉरिशसच्या रहिवाशाने भारतीय कंपनीचे शेअर विकून मिळवलेल्या नफ्यावर कर आकारण्याचा हक्क फक्त मॉरिशसला राहिला, आणि मॉरिशस तर अशा भांडवली नफ्यावर कर घेतच नव्हता. दोनदा कर टाळण्याच्या करारातून एकदाही कर न भरण्याची वाट तयार झाली. १९९१ नंतर परकीय भांडवलाला दारे उघडली गेली तेव्हा ह्या वाटेवर रहदारी सुरू झाली. अमेरिकेचा पैसा असो, युरोपचा असो, की भारतातूनच बाहेर गेलेला आणि अंगावर नवे कपडे चढवून परतलेला असो, तो पोर्ट लुईमार्गे येऊ लागला. २००० नंतरच्या दीड दशकात भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीपैकी सुमारे एक तृतीयांश ह्या चिमुकल्या बेटावरून आली. एवढे भांडवल तेथील उसाच्या मळ्यांतून निर्माण झाले असेल, असे कोणी मानत नव्हते.

सरकारला हे ठाऊक नव्हते काय? ठाऊक तर होतेच, शिवाय ते लेखी होते. ३० मार्च १९९४ च्या परिपत्रकाने करमाफीचा अर्थ स्पष्ट करून गुंतवणूकदारांना दिलासा दिला. पुढे २००० च्या सुरुवातीला मुंबईतील काही प्राप्तिकर अधिकाऱ्यांनी ह्या कंपन्यांचा खरा कारभार कोठून चालतो याची विचारणा केली आणि करारातील सवलत नाकारली. शेअर बाजार गडगडला. अधिकाऱ्यांच्या पाठीशी उभे राहण्याऐवजी सरकारने १३ एप्रिल २००० रोजी दुसरे परिपत्रक काढले: मॉरिशस सरकारने दिलेला निवासाचा दाखला पुरेसा मानावा. म्हणजे पाहुण्याच्या बॅगेत काय आहे ते पाहू नका, त्याच्या घरमालकाची चिठ्ठी पाहा. आपले कर्तव्य बजावणाऱ्या अधिकाऱ्यांना बाजाराच्या एका आचक्यासरशी माघार घ्यायला लावली गेली. ह्या घटनेची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

त्या परिपत्रकाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात ज्यांनी दाद मागितली त्यांत आझादी बचाओ आंदोलन होते. ह्या चळवळीची साधने तुटपुंजी होती आणि समोर सारे परदेशी फंड आणि स्वतः भारत सरकार. ३१ मे २००२ रोजी उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. ७ ऑक्टोबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. करारावर सह्या करताना दोन्ही देशांनी आपापले हित पाहिले असेल, विकसनशील देशाला भांडवल हवे असते, आणि करार सोयीने वापरणे हा गुन्हा नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. ज्या सरकारने २००३ साली ह्या वाटेच्या बाजूने न्यायालयात युक्तिवाद केला, त्याच भारत सरकारचे खाते चार वर्षांनी तिच्याच पुढल्या वळणावर व्होडाफोनला अडवू लागले. मधल्या काळात सत्ताधारी पक्ष बदलला होता. परिपत्रक तेच राहिले होते.

न्यायालयाजवळ दुसरी वाट नव्हती असेही नाही. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांचा एक खटला गाजला होता. ड्यूकसाहेब आपल्या माळ्याला मिळणारे पैसे पगार म्हणून न दाखवता एका करारनाम्याखालची वार्षिक देणगी म्हणून दाखवीत, आणि तेवढा कर वाचवीत. हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते मान्य केले. कागदाचे रूप पाहायचे, पोटात शिरायचे नाही. भारतात १९८५ साली मॅकडॉवेल खटल्यात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी हे तत्त्व झुगारून दिले आणि करचुकवेगिरीच्या हिकमतींना न्यायालयाने आशीर्वाद देऊ नये असे ठणकावले. कर टाळणाऱ्याचा भार अखेर प्रामाणिक करदात्यावर पडतो, हे त्यांनी दाखवले. २००३ साली आणि पुन्हा २०१२ साली त्या निकालपत्राला शब्दाशब्दाने कडेला सारले गेले. माळ्याचा पगार तो पगारच, हे म्हणायला आपल्या न्यायव्यवस्थेला एकदाच धैर्य झाले.

आता २०१२ च्या मार्चकडे येऊ. निकालाला दोन महिने होत नाहीत तोच, १६ मार्च रोजी, अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी वित्त विधेयक मांडले. त्यात नवव्या कलमाला स्पष्टीकरणे जोडली होती: ज्या परदेशी शेअरची किंमत मुख्यतः भारतातील मालमत्तेवर उभी आहे, तो शेअर भारतातच आहे असे मानावे. एवढ्यावर थांबते तर ही तरतूद योग्य होती, आवश्यक होती आणि कित्येक वर्षे उशिरा आलेली होती. चीनने २००९ साली असाच नियम परिपत्रकाद्वारे केला होता. पण आपल्या विधेयकात पुढे म्हटले होते की हे १ एप्रिल १९६२ पासून असेच होते असे समजावे! बैल गेल्यावर झोपा करणे ही आपली जुनी रीत आहे. येथे मात्र झोपा तर केलाच, वर तो पन्नास वर्षांपासून बंदच होता असे राजपत्रात छापले.

त्या वेळी डाव्या आणि समाजवादी वर्तुळांतून ह्या तरतुदीचे स्वागत झाले. बड्या कंपनीला चाप बसला याचा आनंद होता, आणि तो समजण्यासारखा आहे. पण तो आनंद तपासून पाहिला पाहिजे. सरकारने काल कायदेशीर असलेली गोष्ट आज मागे जाऊन बेकायदेशीर ठरवावी, हा अधिकार एकदा मान्य केला की तो केवळ व्होडाफोनपुरता राहत नाही. आज कंपनीच्या नफ्यावर चाललेले हे हत्यार उद्या कामगाराच्या बोनसवर, पेन्शनवर, एखाद्या सहकारी संस्थेच्या सवलतीवर चालू शकते. न्यायालयात जिंकलेल्या पक्षकाराचा निकाल सरकारने कायदा करून पुसला, तर संपात जिंकलेल्या कामगारांनी कोणाच्या भरवशावर राहावे? आणीबाणीत १९७५ साली निवडणूक कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती करून एका व्यक्तीचा निवडणूक-खटला निकालात काढण्यात आला होता, हे तरी ह्या चळवळीने विसरू नये. तत्त्व आपल्या सोयीचे असेल तेव्हाच मानायचे असेल तर त्याला तत्त्व म्हणण्यात अर्थ नाही.

आणि व्यवहारात तरी काय हाती लागले? २०१२ सालीच पार्थसारथी शोम यांच्या समितीने सुचविले होते की ही तरतूद पुढील काळासाठीच लागू करावी, आणि मागील प्रकरणांत आकारायचीच तर व्याज व दंड तरी घेऊ नयेत. तिचे कोणी ऐकले नाही. ‘कर-दहशतवाद’ असा शब्द प्रचारात वापरणारा पक्ष २०१४ साली सत्तेवर आला. कायदा त्यानेही तसाच ठेवला. २०१५ च्या मार्चमध्ये केर्न ह्या ब्रिटिश तेलकंपनीवर, २००६ साली तिने केलेल्या अंतर्गत फेररचनेबद्दल, १०,२४७ कोटींची मागणी आली, आणि तिचे भारतातील शेअर जप्त करून विकले गेले.

कंपन्यांनी आता भारतातील न्यायालयांचा रस्ता सोडला. भारताने नव्वदच्या दशकात जे गुंतवणूक-संरक्षण करार केले होते त्यांत एक कलम होते: वाद झाल्यास परदेशी गुंतवणूकदार सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू शकेल. नेदरलँड्सशी असा करार १९९५ साली झाला होता. तीन लवाद, बंद दारे, अपिलाची जवळजवळ सोय नाही. २५ सप्टेंबर २०२० रोजी हेगच्या लवादाने एकमताने व्होडाफोनच्या बाजूने निर्णय दिला. तोवर व्याज व दंड धरून मागणी २२,००० कोटींच्या वर गेली होती. भारताने नेमलेला लवादही त्या एकमतात होता. डिसेंबरात केर्नच्या वादातही भारत हरला, आणि सुमारे १.२ अब्ज डॉलर व त्यावर व्याज देण्याचा आदेश झाला. ते न दिल्यामुळे केर्नने २०२१ च्या मे महिन्यात एअर इंडियाची मालमत्ता मिळावी म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला, आणि जुलैत पॅरिसमधील भारत सरकारच्या सुमारे वीस मालमत्तांवर टाच आली. एका सार्वभौम प्रजासत्ताकाची घरे एका तेलकंपनीच्या अर्जावर गोठवली गेली. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा हिशेब मांडला तेव्हा देश पारतंत्र्यात होता. हे करार स्वतंत्र भारताने आपल्या सहीने केले होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने माघार घेतली. पाच तारखेला विधेयक मांडले, सहाला लोकसभेत, नऊला राज्यसभेत मंजूर. २८ मे २०१२ पूर्वीच्या व्यवहारांवरील सर्व मागण्या रद्द, वसूल केलेली रक्कम परत, व्याज मात्र नाही. सरकारनेच सांगितले की अशी एकूण सतरा प्रकरणे होती आणि त्यांतून सुमारे ८,१०० कोटी जमले होते. त्यांतले ७,९०० कोटी एकट्या केर्नचे. नऊ वर्षांच्या ह्या साऱ्या आटापिट्यात वकिलांचे शुल्क वगळता कोणाच्या पदरी काय पडले, हे संसदेत फारसे कोणी विचारले नाही. जाताना पूर्वलक्षी भाग गेला. पुढील काळासाठीची तरतूद राहिली. तेवढी एक गोष्ट कमावली असे म्हणता येईल, आणि ती २०१२ सालीच, कोणाशीही भांडण न करता, कमावता आली असती.

ह्या कथेचा एक उपकथाभाग आफ्रिकेत आहे. २०१० साली भारती एअरटेलने कुवेतच्या झेन कंपनीकडून आफ्रिकेतील पंधरा देशांतला मोबाईल व्यवसाय सुमारे १०.७ अब्ज डॉलरना घेतला. विकणारी कंपनी नेदरलँड्सची, विकली गेलेली नेदरलँड्सची, आणि भारतीय खरेदीदाराने पुढे केलेली कंपनीही नेदरलँड्सचीच. युगांडाच्या करखात्याने झेनकडे साडेआठ कोटी डॉलरची मागणी केली, कारण त्या पेटीत युगांडातील दूरध्वनी कंपनी होती. २०११ साली तेथील उच्च न्यायालयाने, येथे तुमचा अधिकारच चालत नाही, असे खात्याला सांगितले. २०१४ साली अपील न्यायालयाने ते उलटवून खात्याचा अधिकार मान्य केला. कंपालाच्या करअधिकाऱ्याचा युक्तिवाद शब्दशः मुंबईच्या करअधिकाऱ्याचाच होता, फक्त ह्या वेळी टेबलाच्या पलीकडे भारतीय भांडवल बसले होते. व्होडाफोन म्हटल्यावर संतापणाऱ्या आपल्या वृत्तपत्रांनी युगांडाच्या बाजूने किती अग्रलेख लिहिले? वसाहतवादाचा विरोध आपला देश पेटीच्या कोणत्या बाजूला आहे यावर ठरत असेल, तर तो विरोध फारसा खोल नाही.

मॉरिशसचा करार अखेर १० मे २०१६ रोजी दुरुस्त झाला. १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरांच्या नफ्यावर भारत कर आकारू शकतो. त्यापूर्वी घेतलेल्यांना अभय आहे. केवळ कर टाळण्यासाठी उभारलेल्या रचना मोडून पाहण्याचा सर्वसाधारण अधिकारही त्याच दिवसापासून खात्याला मिळाला. हे व्हायला चौतीस वर्षे लागली. पण ज्या पद्धतीने १९८२ साली हक्क सोडला गेला ती पद्धत बदललेली नाही. करविषयक आंतरराष्ट्रीय करार सरकार प्राप्तिकर कायद्याखाली करते. सही होते, राजपत्रात अधिसूचना निघते, आणि संसदेला मतदान करावे लागत नाही. प्राप्तिकराचा दर वाढवायचा तर तो लोकसभेपुढे यावा लागतो. अब्जावधींच्या नफ्यावरचा कर सोडायचा तर मंत्रालयातील सही पुरते. अमेरिकेत असा करार सिनेटच्या दोन तृतीयांश मतांवाचून संमत होत नाही. आपल्याकडे प्रत्येक करकरार आणि प्रत्येक गुंतवणूक-करार सही होण्यापूर्वी संसदेच्या समितीपुढे यावा आणि सभागृहात मताला टाकला जावा, ही मागणी फार क्रांतिकारक नाही. पण कार्यकर्त्यांनी ती भाववाढीच्या मोर्चाइतकीच लावून धरली पाहिजे, कारण रेशनच्या दुकानात जे कमी पडते त्याचा काही भाग असल्या कागदांवर आधीच लिहून दिलेला असतो.

आणि त्या मुंबईच्या कंपनीचे पुढे काय झाले? व्होडाफोनचा भारतातील धंदा २०१८ च्या ऑगस्टमध्ये आयडियात विलीन झाला. स्पर्धेत आणि सरकारी देण्यांच्या ओझ्याखाली नवी कंपनी वाकली. लहरींचे हप्ते आणि परवानाशुल्काची थकबाकी तिला देता येईना, तेव्हा सरकारने देण्याच्या बदल्यात शेअर घेतले. २०२३ साली १६,१३३ कोटींचे, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये आणखी ३६,९५० कोटींचे, दोन्ही वेळा दहा रुपये दराने. त्यानंतर सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्के झाला. २००७ साली ५२ टक्के मालकी आणि १५ टक्क्यांवरचे हक्क यांचे अकरा अब्ज डॉलर हाँगकाँगला गेले, आणि त्यातला एक रुपयाही कर म्हणून मुंबईत उतरला नाही. अठरा वर्षांनी त्याच धंद्यातला जवळजवळ निम्मा हिस्सा भारतीय जनतेच्या नावावर आला. तो मात्र केमनमधून नव्हे, तर बुडीत उधारीपोटी.